बार्बाडोसला पाठवायचा बायोडाटा

शिरूरच्या एस. टी. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही काही कागदांच्या नकला काढायला थांबलो होतो. शेजारी एक तरुण उभा होता. दुकानदाराने त्याला विचारले, "बायोडाटा कुठल्या कंपनीला द्यायचा?" तरुण म्हणाला, "कंपनीला नाही, बार्बाडोसला." दुकानदाराने मान वर केली नाही. त्याने कॉम्प्युटरमधला एक जुना नमुना उघडला, त्यातले नाव-गाव पुसले, नवे घातले, आणि पाच मिनिटांत दोन पाने मशिनीतून बाहेर आली.

आमचा स्वभाव चौकस. पाने मागून घेऊन वाचली. सुरुवातीला एक लांबलचक इंग्रजी वाक्य होते. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या उत्कर्षास हातभार लावणे हे माझे ध्येय आहे, असा त्याचा अर्थ. कोणा बी. कॉम. झालेल्या मुलाच्या कागदावरून ते आले असावे. त्याखाली वडिलांचे नाव, धर्म, लग्न झाले की नाही, उंची, वजन, छंद. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एकच ओळ : अनुभव, वेल्डिंग, ११ वर्षे.

"बेटा, अकरा वर्षांत काय काय केलंस?" आम्ही विचारले.

"काय नाही चाचा. आधी अब्बांच्या दुकानात ग्रील, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मग रांजणगावला ठेकेदाराकडे. मध्ये मध्ये कुरकुंभला शटडाउनला जायचो, तिथं एस. एस. पाइपचं आर्गन केलं. एक्स-रे पास व्हायचे माझे जॉइंट."

सांगण्यासारखे सगळे त्याच्या तोंडात होते. कागदावर त्यातले काहीच नव्हते. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत असे हुन्नरी हात भरपूर आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी वेल्डर, फिटर, एसी मेकॅनिक, मोटार रिवाइंडिंगवाले घडवले, आणि दौंडला तर रेल्वेमुळे लोखंडाच्या कामाची जुनी सवय. बाहेरदेशी जाण्याची इच्छा झाली की यातला प्रत्येक जण प्रथम झेरॉक्सच्या दुकानात जातो, आणि तिथेच पहिली चूक होते.

बार्बाडोस हे नाव आपल्या पोरांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि लगेच बेरिल नावाचे चक्रीवादळ आल्याने आपला संघ काही दिवस तिथेच अडकून पडला. ते हे बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लोकवस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या दौंड तालुक्याची लोकसंख्या याहून अधिक होती. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला, २०२१ मध्ये प्रजासत्ताक झाला. भाषा इंग्रजी. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. उत्पन्न मुख्यतः पर्यटनाचे, म्हणजे हॉटेले, बंगले, बोटी आणि त्यांची देखभाल.

व्यापारी वाचकांना एक गोष्ट ऐकायला आवडेल. या बेटावर हिंदुस्थानी मुसलमान शंभर वर्षांपूर्वीच पोहोचले. आधी १९१० च्या दशकात बंगालमधले फेरीवाले, नंतर सुरत भागातले गुजराती. डोक्यावर किंवा सायकलवर कापडाचे गाठोडे, दारोदार उधारीने विक्री, आणि आठवड्याला हप्त्याची वसुली. आठवडे बाजार करणाऱ्या आपल्या लोकांना हा धंदा नवा नाही. पुढे त्यांनी दुकाने काढली, ब्रिजटाउनमध्ये मशीद उभी राहिली, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथलीच आहेत. त्यांना कोणी बायोडाटा विचारला नव्हता. कापड दाखवले की ओळख पटत होती.

आजच्या कारागिराला ती सवलत नाही. आखाताच्या भरतीत बायोडाट्याला फारशी किंमत नसते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मुंबईत ट्रेड टेस्टला उभे करतात, हातात होल्डर देतात, प्लेट जोडून दाखवली की पास. कागद फक्त फाइलला लावायचा. बार्बाडोसचा मालक दोन वेल्डरांसाठी मुंबईला येत नाही. तो पान वाचतो, पटले तर फोनवर बोलतो. म्हणजे ट्रेड टेस्टचे अर्धे काम त्या पानालाच करावे लागते.

दुसरी बाब याहून महत्त्वाची, आणि ती आपल्या एजंट मंडळींच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नाही. बार्बाडोसमध्ये परदेशी माणसाचा कामाचा परवाना मालकाने काढायचा असतो. अल्प मुदतीचा अकरा महिन्यांपर्यंत, दीर्घ मुदतीचा तीन वर्षांपर्यंत. त्यासाठी मालकाला तिथल्या इमिग्रेशन खात्याला पटवावे लागते की, जाहिरात देऊनही देशात योग्य माणूस मिळाला नाही. शेजारच्या बेटांचीही स्पर्धा असते. कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम या संघटनेत कुशल कामगारांना एकमेकांच्या देशात सवलती आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बार्बाडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट या चौघांनी आपल्या नागरिकांना आपसात राहण्याची व काम करण्याची पूर्ण मोकळीक दिली आहे.

तेव्हा तुमचा बायोडाटा मालक वाचतो, आणि त्याच्यानंतर सरकारी खात्यातला अधिकारीही वाचतो. त्याचा प्रश्न एकच असतो : हे काम आमच्या माणसाला का जमणार नाही? 'वेल्डिंग, ११ वर्षे' या ओळीत त्याचे उत्तर नाही. ग्रील जोडणारा वेल्डर प्रत्येक बेटावर आहे. स्टेनलेसच्या पाइपवर आर्गनने एक्स-रे पास जॉइंट मारणारा मात्र मोजका.

त्या तरुणाला घेऊन आम्ही शेजारच्या चहाच्या हॉटेलात बसलो आणि कागद नव्याने लिहिला. ध्येयाचे वाक्य काढले. धर्म, वजन, उंची, वडिलांचा व्यवसाय काढला. तिकडे हे कोणी मागत नाही. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत गाव आणि फोन, तिसरीत त्याचा हुन्नर : पाइप वेल्डर, आर्गन आणि रॉड वेल्डिंग, रासायनिक कारखान्यांच्या देखभालीचा अनुभव. मग एकेक काम, सर्वांत अलीकडचे वर. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कुठे, कोणाच्या हाताखाली. पाइप किती इंची, जाडी किती मिलिमीटर, धातू कोणता, रॉड ६०१३ की ७०१८. पोझिशन कोणती. सिक्स-जी म्हणजे पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला पाइप न फिरवता चारी बाजूंनी जोडणे. हे ज्याला येते त्याने ते लिहिलेच पाहिजे, कारण सिक्स-जी हा शब्द ब्रिजटाउनलाही तोच आहे. परीक्षेचा दाखला असेल तर तो कोणत्या कोडप्रमाणे झाला तेही लिहावे. ड्रॉइंग वाचता येते का, हॉट वर्क परमिटखाली काम केले आहे का, हे दोन प्रश्न फोनवर हमखास येतात, म्हणून त्यांची उत्तरे आधीच पानावर असावीत.

अब्बांच्या दुकानाचे काय करायचे, असे त्याने विचारले. त्याला ते लिहायची लाज वाटत होती. आम्ही म्हटले, ते लिहायचेच. चार वर्षे कुटुंबाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम. ट्रॉल्या, पत्र्याची शेड, छताच्या कैच्या. बार्बाडोसला २०२१ मध्ये एल्सा हे चक्रीवादळ धडकले. १९५५ नंतर त्या बेटावर आलेले ते पहिले हरिकेन, आणि त्यात शेकडो घरांची छपरे गेली. तिथे पत्र्याचे छप्पर वाऱ्यात टिकेल असे बांधणाऱ्या हाताला अर्थ आहे. शिरूरच्या शेडची ओळ म्हणून वाया जात नाही.

मध्ये सात महिने रिकामे होते. २०२० चा लॉकडाउन. "ते भरून टाकू का?" त्याने विचारले. नको. 'कारखाने बंद, घरी' असे सरळ लिहिले. ती साल सगळ्या जगाला माहीत आहे.

इथे आमचीच एक चूक कबूल करायला हवी. काही वर्षांपूर्वी दौंडच्या एका ओळखीच्या माणसाचा आखातासाठीचा बायोडाटा आम्ही लिहून दिला होता. तो हेल्पर होता, हुशार होता, पण हेल्पर. पगार वाढून मिळावा म्हणून आम्ही आमच्या इंग्रजीच्या जोरावर त्याला फोरमन केले. मुंबईत निवड झाली. तिकडे पोहोचल्यावर वरिष्ठाने ड्रॉइंग समोर ठेवले आणि दहा माणसांना काम वाटून द्यायला सांगितले. तीन महिन्यांत तो परत आला. जाण्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या, त्या मोडलेल्याच राहिल्या. तो आम्हाला आजही सलाम करतो, कधी एका शब्दाने बोलला नाही. तेव्हापासून कोणाचा हुद्दा वाढवायला आमची लेखणी उठत नाही.

आता नावाचा विषय. आपल्या लोकांची निम्मी कामे इथेच अडतात. एकाच माणसाचे शेख हे आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. कुठे सय्यदला एक 'वाय', कुठे दोन. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे गायब. आपल्याकडे तलाठी-मास्तर समजून घेतात, परदेशातला अधिकारी दोन स्पेलिंगे म्हणजे दोन माणसे समजतो. गावांचेही तेच. जुन्या इंग्रजी कागदांत दौंडचे स्पेलिंग 'धोंड' असे सापडते. शिरूर तर महाराष्ट्रात कितीतरी आहेत, आणि आपल्या शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. बायोडाट्यावर पासपोर्टवरचेच स्पेलिंग घालावे, अक्षर इकडचे तिकडे न करता. बाकीचे कागद जुळत नसतील तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नोंद आधी करून घ्यावी. नोकरीचे पत्र आल्यावर धावपळ केली तर त्यात महिने जातात, आणि मालक तोवर थांबत नाही.

अनुभवाचा पुरावा हा दुसरा अडथळा. ठेकेदाराकडे काम केलेला माणूस बायोडाट्यावर मोठ्या कंपनीचे नाव घालतो. चौकशी झाली तर कंपनीच्या हजेरीवर तो सापडत नाही, आणि खरे काम केलेला माणूस खोटा ठरतो. त्याऐवजी 'अमुक ठेकेदाराकडे, तमुक कारखान्याच्या आवारात' असे लिहावे. ठेकेदाराने पीएफ भरला असेल तर त्याच्या पासबुकात मालकाचे नाव आणि तारखा असतात. ते छापून ठेवावे, याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. ज्यांनी फक्त उस्तादाच्या हाताखाली तालीम घेतली आणि दाखला एकही नाही, त्यांनी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन खाजगी उमेदवार म्हणून परीक्षेला बसण्याची चौकशी करावी. ठरावीक वर्षांचा अनुभव असलेल्यांना ती सोय आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची तरतूद झाली. ज्याचे काम चांगले आहे त्याला या परीक्षा जड नाहीत. जड जातो तो फॉर्म भरायला.

दाखले तिकडे चालण्यासाठी त्यांवर अपोस्टिल नावाचा शिक्का लागतो. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे, बार्बाडोसही आहे, त्यामुळे दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज राहत नाही. शाळेचे किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडून तपासून घ्यावे लागते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो.

शेवटी दोन ओळखीच्या माणसांची नावे द्यायची असतात, ज्यांना मालक फोन करील. नातेवाईक चालत नाहीत. सुपरवायझर, इंजिनिअर, नाहीतर ज्याच्या बंगल्याचे काम केले तो डॉक्टर. त्यांना आधी विचारावे. बार्बाडोसचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. उस्तादांनी त्या वेळी फोन जवळ ठेवावा.

इतर धंद्यांबद्दल थोडे. इलेक्ट्रिशियनने लक्षात ठेवावे की तिथली वीज ११५ व्होल्टची आहे, फ्रिक्वेन्सी मात्र आपलीच, ५० हर्ट्झ. आपल्या २३० व्होल्टच्या सवयीने बोलणारा माणूस फोनवरच कळतो. तेव्हा थ्री-फेज पॅनेल, जनरेटर, मोटार कंट्रोल असे जे काम दोन्हीकडे सारखे ते ठळक लिहावे. प्लंबरसाठी चांगली बातमी अशी की १९७० च्या दशकापासून बार्बाडोसमध्ये छपरावरच्या सोलर हीटरचा मोठा प्रसार आहे. आपल्याकडेही नव्या इमारतींवर हे बंब बसतातच. ज्याने ते बसवले, दुरुस्त केले, त्याने किती लिटरचे आणि किती ते आकड्यासह लिहावे. एसी मेकॅनिकने कोणकोणत्या गॅसवर काम केले ते लिहावे. नुसते 'एसी रिपेअर' हे झेरॉक्सच्या दुकानाचे इंग्रजी झाले. मोटार रिवाइंडिंगचे काम दौंडच्या पोरांनी लपवू नये. बेटावर बहुतेक माल जहाजाने येतो. जळालेली मोटार दुरुस्त करणारा तिथे उपयोगी पडेल असा आमचा अंदाज. आणि स्वयंपाक्यांनी पोर्क व दारूचा प्रश्न करार करण्यापूर्वी विचारून घ्यावा. हॉटेलच्या भटारखान्यात उभे राहिल्यावर वाद घालणे कोणालाच शोभत नाही.

पैशाबद्दल सावध राहावे. पत्रात नुसते 'डॉलर' लिहिलेले असते आणि आपला माणूस लगेच अमेरिकन डॉलरचा हिशेब करतो. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा भाव कायम बांधलेला आहे. शेजारच्या बेटांवर ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, तो तर एका अमेरिकन डॉलरला २.७० मिळतो. बार्बाडोसमध्ये एप्रिल २०२१ मध्ये किमान वेतन तासाला ८.५० बार्बाडोस डॉलर ठरले होते, पुढे ते वाढले. त्या जुन्या दरानेही चाळीस तासांच्या आठवड्याचे ३४० होतात, म्हणजे १७० अमेरिकन. याहून कमीचे पत्र कोणी दाखवले तर ते पत्र नीट नाही. उलट बाजूला हेही खरे की खाणेपिणे, भाडे तिथे महाग आहे. राहण्याची जागा आणि विमानाचे भाडे कोणाकडे, हे लेखी घ्यावे.

त्या तरुणाला जाहिरात दाखवणाऱ्याने सव्वा लाख मागितले होते. त्यातले पंचवीस हजार 'व्हिसाचे' म्हणून आधी. हे ऐकून आम्हाला हसू आले आणि राग पण. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला व्हिसाच लागत नाही. याच सवलतीचा फायदा घेऊन माणूस पर्यटक म्हणून पाठवायचा आणि 'परवाना तिथे गेल्यावर होईल' असे सांगायचे, ही जुनी युक्ती. पर्यटकाला काम करता येत नाही. पकडला गेला तर परतीचे तिकीट त्याचेच.

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे सरकारी नोंदणी हवी, मग देश कोणताही असो. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर असते. कामगाराकडून घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, आणि तिची पावती. गावोगावचे पोट-एजंट या कायद्यात बसत नाहीत. दहावी न झालेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. त्यांच्या ईसीआर पासपोर्टवर आखाती देशांना जाताना सरकारी मंजुरी लागते आणि त्या निमित्ताने करार तपासला जातो. ती मंजुरी लागणाऱ्या अठरा देशांत बार्बाडोस नाही. म्हणजे करार वाचणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

चहा संपेपर्यंत पान तयार झाले. एकच पान, मागे पुढे कोरे नाही. आम्ही परत झेरॉक्सच्या दुकानात गेलो, दुकानदाराने टाइप केले आणि विचारले, "साहेब, हा नमुना ठेवू का मशिनीत?" आम्ही म्हटले, ठेवा, पण त्यातले काम दुसऱ्याच्या नावावर छापू नका.

तरुणाने एजंटाला फोन करून नोंदणीचा नंबर विचारला. त्याने "कळवतो" म्हटले आणि मग फोन उचलला नाही. अब्बांना बरोबर नेऊन त्याने रांजणगावच्या ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला मात्र आणला, सही-शिक्क्यानिशी. त्यावर शेखचे स्पेलिंग चुकले आहे. दाखला परत गेला आहे.